युरोपातील नदीसफर : दोघांनी जावे की न जावे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



युरोपच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा प्रवासवर्णन सांगायचे नाही एवढे आम्ही प्रथमच ठरवून टाकले. प्रवासवर्णनात सांगणाऱ्यास जे सुख असते त्याच्या निम्मेही ऐकणाऱ्यास नसते, हे आपण सर्वांनी कधी ना कधी कोणाची तरी छायाचित्रे पाहताना अनुभवलेले आहे. आजचा विषय त्याहून लहान आणि अधिक उपयोगाचा आहे. ज्या पतिपत्नींनी युरोप पाहिलेला नाही, आणि जे आयुष्यात प्रथमच एवढा खर्च स्वतःसाठी करणार आहेत, त्यांनी तेथील नद्यांवर चालणाऱ्या मुक्कामी नौकांतून प्रवास करावा की न करावा, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे.

हा विषय घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. आम्ही उभयतांनी मे २०१९ मध्ये डॅन्यूब नदीवर अशी आठ दिवसांची सफर केली. पुढे येथे बदली होऊन आल्यावर आम्ही ज्याला त्याला तिचे गुणगान ऐकवू लागलो. येथल्याच एका स्नेह्यांनी आमच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते सपत्नीक गेले. ते परत आले ते रुसूनच. कित्येक महिने आमच्याकडे चहाला आले नाहीत. त्यांचे गाऱ्हाणे काय होते ते पुढे येईलच. पण त्यांच्या जन्मभराच्या शिलकीतील पाच-सहा लाख रुपये आमच्या एका वाक्यावर खर्च झाले, ही गोष्ट आम्हांस लागून राहिली. आपल्याला मानवले ते दुसऱ्यास मानवेलच असे धरून आम्ही बोललो होतो. आजचे भाषण हे त्या वाक्याची दुरुस्ती आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. समुद्रावरची प्रचंड जहाजे आपण चित्रांत पाहतो; तीन-चार हजार प्रवासी, पोहण्याचे तलाव, नाटकगृहे. नदीवरची नौका तशी नव्हे. ती लांब आणि चिंचोळी असते, फार तर १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरच्या आत रुंद. हा आकार नदीवरील पाणदरवाजांनी ठरवून दिलेला आहे. डॅन्यूब आणि ऱ्हाईन या दोन नद्यांना माईन नदीच्या मार्गाने जोडणारा १७१ किलोमीटरांचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्यावरील पाणदरवाजांचे हौद १२ मीटर रुंद आहेत, म्हणून नौका ११.४ मीटरची, दोन्ही अंगांस जेमतेम फूटभर जागा राहते. अशा नौकेत दीडशे ते एकशेनव्वद प्रवासी मावतात. खोल्यांचे साधारणतः तीन मजले, वर उघडी गच्ची, एक भोजनगृह, एक बैठकीचा दिवाणखाना, संपले. नौका बहुधा रात्री चालते आणि दिवसा एखाद्या गावाच्या धक्क्याला लागलेली असते. माणसाने उतरावे, गाव पाहावे, जेवायला परत यावे. समुद्र नसल्याने पोटात ढवळत नाही, हा त्यातला न बोलला जाणारा पण मोठा फायदा.

नदीविषयीही आपल्या मनात चुकीचे चित्र नसावे. ब्रह्मपुत्राच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांस डॅन्यूब पाहून प्रथम थोडे हसूच येते. आपला सराईघाटचा पूल सव्वा किलोमीटरहून लांब. बुडापेस्टचा १८४९ चा सुप्रसिद्ध साखळी-पूल सारा मिळून पावणेचारशे मीटरचा. आमच्या सौ. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अहो, ही तर नदी आहे, मला वाटले होते काही वेगळे असेल." परंतु गंमत त्यातच आहे. पात्र अरुंद असल्यामुळे दोन्ही काठ सतत डोळ्यांसमोर राहतात. काठावरचा गवत कापणारा माणूस दिसतो, सायकलवर निघालेली मुले दिसतात, घरांच्या खिडक्यांतील फुलझाडे दिसतात. आणि दहा देशांतून सुमारे २,८५० किलोमीटर वाहणारी ही नदी निळी नाही, हेही सांगून ठेवतो. १८६७ पासून जगभर वाजत असलेल्या स्ट्राउसच्या वॉल्ट्झने तिला निळी केले. आम्हांस ती बहुतेक वेळ हिरवट करडी दिसली.

आता आमचा निर्णय कसा झाला ते सांगतो, कारण खरा उपदेश त्यातच आहे. २०१९ मध्ये आमच्या लग्नास पंचवीस वर्षे होत होती आणि आम्ही भुवनेश्वरला होतो. आमचा कल बसच्या सहलीकडे होता. बारा दिवसांत सात देश, मराठी बोलणारा व्यवस्थापक, रात्री वरणभात. हिशेबी माणसाच्या मनास हे फार पटते. एका देशास किती रुपये पडले ते काढता येते. आम्ही तसा तक्ता करून सौ.पुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारले, "बारा दिवसांत हॉटेले किती?" आम्ही मोजून सांगितले, नऊ. त्या म्हणाल्या, "म्हणजे नऊ बदल्या."

मंडळी, पंचवीस वर्षांत आमच्या सात बदल्या झालेल्या होत्या. त्या प्रत्येक वेळी आम्ही नव्या ठिकाणी रुजू होण्यासाठी पुढे गेलो आणि खोकी कोणी बांधली, कोणी सोडली, लोणच्याच्या बरण्यांना कापड कोणी गुंडाळले, हे या सभागृहात बसलेल्या भगिनींस सांगावयास नको. सौ.ना नदीसफरीच्या माहितीपत्रकातील एकच वाक्य आवडले होते : बॅग एकदा उघडायची आणि आठव्या दिवशी मिटायची. त्या वाक्यापुढे आमचा तक्ता टिकला नाही.

तेव्हा पहिली कसोटी ही. पॅरिसचा मनोरा, रोमचे भग्नावशेष, आल्प्सचा बर्फ अशी पाहण्याची यादी मनात घट्ट असेल, आणि पुन्हा युरोपला जाणे होणार नाही अशी खात्री असेल, तर नदीसफर ही चुकीची निवड होय. तिने पॅरिसही होत नाही आणि बर्फही होत नाही. नदी जिथून जाते तिथूनच तुम्ही जाणार. आमच्या आठ दिवसांत पासाउ ते बुडापेस्ट एवढाच टापू झाला, सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. आपली गाडी रात्रीत कापील असे ते अंतर आहे. घरी आल्यावर आमच्या बंधूंनी विचारले, "म्हणजे स्वित्झर्लंड नाहीच?" याचे उत्तर शांतपणे देता येत असेल त्यानेच या वाटेस जावे.

दुसरी कसोटी खोलीची. नौकेवरील साधी खोली दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. स्नानगृह त्यातच आले. दोन बॅगा पलंगाखाली सारल्या की एकाने उभे राहावे व दुसऱ्याने बसावे अशी स्थिती. सर्वांत खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त पडते. पण तिथली खिडकी लहान, उंचावर आणि न उघडणारी असते, आणि तिच्याबाहेर जवळजवळ पाण्याची पातळीच असते. मधल्या व वरच्या मजल्यांवर जिला फ्रेंच बाल्कनी म्हणतात ती मिळते. नावास भुलू नये. ती बाल्कनी नव्हे. जमिनीपासून छतापर्यंतचे काचेचे सरकते दार आणि त्याच्याबाहेर कठडा, एवढेच; खुर्ची ठेवण्यास जागा नाही. तथापि ते दार उघडून आतल्या आत बसता येते आणि नदी पायांशी येते. पैसे वाचवायचेच असतील तर इतरत्र वाचवावेत, मजल्यात वाचवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही खोली आपल्याला मानवेल की नाही हे घरबसल्या कसे ओळखावे? आम्ही एक साधी परीक्षा सुचवतो. आपण परमुलखात राहणारी माणसे, लांबच्या गाड्या आपल्या पाचवीला पुजलेल्या. वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन शायिकांचा कूपे आपल्यास ठाऊक आहे. येथून दिल्लीपर्यंत राजधानी एक्सप्रेसला सव्वा दिवसाच्या आसपास लागतो. तेवढा वेळ त्या कूपेत दोघांनी भांडण न करता, मोबाइलमध्ये तोंड न घालता आणि पुढच्या स्थानकाची वाट न पाहता काढला असेल, तर नौकेवरील आठ दिवस सुखाने जातील. गाडी कानपूरला पोहोचेपर्यंत ज्यांचे बोलणे संपते आणि त्याचा ज्यांना त्रास होतो, त्यांनी खुशाल बसने जावे. बसमध्ये बोलायला चाळीस माणसे असतात. यात कमीपणा काही नाही. संसार चांगला असूनही एकांत न मानवणारी पुष्कळ जोडपी असतात.

प्रवासाच्या पूर्वतयारीविषयी थोडक्यात सांगतो. रजा प्रवास सवलत देशाच्या सीमेपाशी संपते, आणि शासकीय सेवकास खासगी परदेशगमनासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा तिकिटे काढण्याआधी अर्ज करावा. आमची फाइल प्रवाहाविरुद्ध चढत वर गेली आणि दोन महिन्यांनी खाली आली. शेंगेन व्हिसाचा अर्ज, ज्या देशात अधिक दिवस मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. नौका रोज देश बदलते म्हणून रात्री मोजाव्या लागतात. आमच्या मोजणीत ऑस्ट्रिया आला आणि बोटांचे ठसे देण्यास कलकत्त्यास जावे लागले. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. नौका बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडपर्यंत जाणार असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही हे ध्यानात ठेवून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. परदेशी सहलीच्या रकमेवर विक्रेता आधीच कर गोळा करतो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत, पण तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आम्हां दोघांस त्या वर्षी विमानासह साडेचार लाखांवर खर्च आला. आज तो नक्कीच अधिक येईल.

पासाउ हे जर्मनीचे अगदी सीमेवरचे गाव. म्युनिकहून आगगाडीने दोन-सव्वादोन तासांत तेथे पोहोचता येते. तेथे डॅन्यूबला एका बाजूने इन आणि दुसऱ्या बाजूने इल्त्स अशा दोन नद्या मिळतात. इनचे पाणी आल्प्समधून येते म्हणून दुधाळ हिरवे, इल्त्सचे जवळजवळ काळे. ती कितीतरी अंतर वेगवेगळ्या रंगांनी शेजारून वाहतात. सौ.चे माहेर नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाढलेल्या माणसास संगम दाखवण्याची गरज नसते. आम्ही किल्ल्याची माहिती वाचत होतो आणि त्या नगरभवनाच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुरांच्या खुणा वर्षांसह कोरलेल्या आहेत. जून २०१३ ची खूण माणसाच्या डोक्याच्या पुष्कळ वर आहे. १५०१ नंतर एवढे पाणी त्या गावाने पाहिले नव्हते. सौ. म्हणाल्या, "वाडीला असे लिहून ठेवायला हवे होते. आमच्याकडे सगळे तोंडी." तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा तो महापूर आला आणि त्यांच्या माहेरच्या घरात पाणी शिरले. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पाण्याचा डाग होता तेथे, कोळशाने रेघ ओढून वर्ष लिहिले. घराला रंग दिला तेव्हाही ती रेघ कोणी पुसू दिली नाही.

पुढचा दिवस मेल्कचा. तेथे टेकडीवर १०८९ पासूनचा बेनेडिक्टीन पंथाचा मठ आहे. आजची भव्य पिवळी इमारत अठराव्या शतकातील. सहलीस निघण्याची वेळ झाली तेव्हा सौ. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी इथेच बसते." आम्हांस, खरे सांगायचे तर, राग आला. एवढे पैसे भरून इतक्या दूर यायचे आणि मठ पाहायचा नाही? आम्ही एकटे गेलो, ग्रंथालय पाहिले, ग्रंथांच्या पाठींवरील सोनेरी अक्षरे पाहिली, आणि फुगलेल्या तोंडाने परत आलो. सौ. गच्चीवर वेताच्या खुर्चीत होत्या. पुस्तक मांडीवर उपडे पडलेले होते. म्हणाल्या, "तीन तास झाले. कोणी हाक मारली नाही."

आम्ही त्या वाक्याचा अर्थ लावीत बराच वेळ कठड्याशी उभे होतो. पंचवीस वर्षांत त्यांना तीन तास सलग कोणी हाक मारली नाही असे घडले नव्हते, आणि हाका मारणाऱ्यांत आमचा क्रमांक पहिला होता. नदीसफरीचा मोठा गुण आम्ही सांगू तो हाच : दोघांपैकी एकाने जावे आणि एकाने राहावे याची तेथे सोय आहे. बसच्या सहलीत ज्याला यायचे नाही त्याचे काय करायचे हा प्रश्न होऊन बसतो. नौका मात्र धक्क्याला उभी असते, चहा मिळत असतो, आपली खोली आपली असते. गुडघे दुखणाऱ्यांस, दुपारी पडण्याची सवय असणाऱ्यांस, किंवा नुसते बसावे अशी इच्छा मनात अनेक वर्षे ठेवून वागणाऱ्यांस याचे मोल कळेल. त्याच दुपारी मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ नावाचा छत्तीस किलोमीटरांचा टापू नौकेने दिवसाउजेडी पार केला. उतारांवर द्राक्षांचे मळे, मध्येच ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला. इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड यास ११९२ च्या हिवाळ्यात तेथे कैदेत ठेवले होते. त्या दोन तासांत आम्ही उभयता फारसे बोललो नाही.

जेवणाचा प्रश्न आपल्या मंडळींच्या मनात असणारच. शाकाहारी असल्याचे आरक्षण करतानाच लेखी कळवावे. नौकेचे स्वयंपाकघर लहान असते आणि ऐन वेळी त्यांना काही सुचत नाही. अंडे शाकाहारी नव्हे हेही लिहावे. मे महिन्यात तिकडे शतावरीच्या पांढऱ्या जाड कोंबांचा हंगाम असतो. ते आम्हांस सार, कोशिंबीर आणि मुख्य पदार्थ अशा तिन्ही रूपांत इतक्या वेळा मिळाले की आठव्या दिवशी पाहवेनात. वाखाऊ खोरे जर्दाळूंसाठी प्रसिद्ध. अख्खा जर्दाळू पोटात घालून उकडलेला एक गोड उंडा मिळतो, तो सौ.नी "सारण न कुटलेला मोदक" म्हणून मंजूर केला. पाव, चीज, फळे भरपूर असतात आणि उपाशी कोणी राहत नाही. पण ज्यांना तिसऱ्या दिवशी आमटीवाचून झोप येत नाही त्यांनी जाण्यापूर्वी स्वतःशी प्रामाणिक राहावे. मेतकूट आणि लसणीची चटणी आम्ही नेली होती. शेजारच्या टेबलावरील जर्मन आजोबांनी चटणी चाखली आणि त्यानंतर ते रोज आमच्याकडे आदराने पाहू लागले.

जे आवडले नाही तेही सांगणे भाग आहे. गावागावांतून धक्के कमी आणि नौका अधिक, म्हणून दोन-तीन नौका एकमेकींस खेटून बांधतात. सकाळी पडदा सारला तो काय, हातभर अंतरावर दुसऱ्या नौकेच्या खिडकीत दाढी करणारा गृहस्थ! अशा वेळी गावात उतरायचे तर दुसऱ्या नौकेच्या दिवाणखान्यातून वाट काढावी लागते. रात्री पाणदरवाजातून जाताना धक्के बसतात, भिंतीशी घासल्याचा आवाज होतो; झोप सावध असणाऱ्यांस तो जाचतो. ऱ्हाईनच्या सुप्रसिद्ध दरीत दोन्ही काठांनी आगगाड्या धावतात, तेव्हा तेथे शांततेची फार आशा धरू नये. व्हिएन्नात नौका मुख्य नदीवर लागते आणि जुने शहर तेथून दूर. भुयारी रेल्वेने जावे लागते. सहप्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे. आमच्या नौकेवर एक नवपरिणित भारतीय जोडपे होते, तिसऱ्या दिवशी त्या मुलाने आम्हांस काकुळतीने विचारले, "काका, इथे रात्री दहानंतर काय करतात?" आम्ही म्हणालो, "झोपतात." मधुचंद्रासाठी ही सफर निवडणाऱ्या मुलामुलींस त्यांच्या आईबापांनी हे वेळीच सांगावे. आणखी एक, नौकेवर डॉक्टर बहुधा नसतो. हृदयाचा किंवा श्वासाचा ताजा आजार असणाऱ्यांनी आपल्या वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून जाऊ नये. रस्ते दगडगोट्यांचे असतात आणि नदीचे पाणी खाली गेले की धक्क्यावर चढणारी फळी उभी होते. काठी लागत असेल तर विचार करावा.

आता आमच्या स्नेह्यांचे गाऱ्हाणे. त्यांनी न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट अशी सफर ऑगस्ट २०२२ मध्ये घेतली. त्या उन्हाळ्यात युरोपात पाऊस पडला नाही आणि ऱ्हाईन व डॅन्यूब दोन्ही नद्या आटल्या. बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे सत्तर किलोमीटरांचा टापू असा आहे की तेथे डॅन्यूबला बांध नाहीत; नदी मोकळी वाहते, आणि पाणी उतरले की सर्वांत आधी तेथेच नौका अडतात. स्नेह्यांची नौका अडली. कंपनीने प्रवाशांस बसमध्ये बसवून अडचणीच्या टापूपलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या नौकेवर नेले. म्हणजे बॅग भरणे आले, बसचा प्रवास आला, पुन्हा बॅग सोडणे आले. आणि दुसऱ्या नौकेवर त्यांच्या वाट्याला खालच्या मजल्यावरची खोली आली. वहिनींचे बोलणे आम्हांस अजून ऐकू येते : "भावोजी, तुम्ही म्हणाला होता बॅग एकदाच सोडायची!"

आम्ही तेव्हा कंपनीस दोष दिला. पुढे त्यांचे करारपत्र वाचले तेव्हा दिसले की पाण्याच्या पातळीनुसार मार्ग, नौका व वाहन बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला होता, आणि ते त्यात स्वच्छ लिहिलेले होते. आमच्याही करारपत्रात ते होते. आम्ही वाचले नव्हते. सारा जन्म दुसऱ्यांच्या फायलींतील बारीक अक्षरे वाचण्यात गेला आणि स्वतःचे कागद मात्र तसेच सही केले. आमची सफर सुरळीत झाली यात आमचे शहाणपण काही नव्हते. त्या आठवड्यात पाणी होते, एवढेच. उलट प्रकारही होतो. जून २०२४ मध्ये आणि पुन्हा त्याच वर्षी सप्टेंबरात डॅन्यूबला पूर आले. पुलांखालून जाण्यास उंची उरली नाही आणि नौका जागच्या जागी थांबून राहिल्या. मे महिन्यात आल्प्सचे बर्फ वितळून ऱ्हाईनला पाणी असते, म्हणून तो महिना त्यातल्या त्यात बरा. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी उतरण्याचा धोका अधिक. पण नदीची हमी कोणी द्यावी? ब्रह्मपुत्राच्या काठी राहणाऱ्यांस हे अन्य कोणी शिकवायला नको होते.

म्हणून आज कोणी विचारले तर आम्ही पूर्वीसारखे "अवश्य जा" म्हणत नाही. उलट विचारतो : ठरलेली नौका मिळाली नाही, दोन दिवस बसमध्ये गेले, तरी तुम्ही दोघे आनंदात राहाल काय? यावर पतिपत्नींनी एकमेकांकडे पाहून हसून मान हलवली तर आम्ही आमच्याकडील कागद देतो. एकाने हो म्हटले आणि दुसऱ्याने खर्चाचा आकडा विचारला, तर आम्ही दुसरी वाट सांगतो. साध्या सहलीतच मेल्क ते क्रेम्स किंवा ऱ्हाईनच्या दरीत दिवसाची बोट घ्यावी. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा वेगवान बोट सव्वा तासात जाते. नदी आपल्याला आवडते की नदीची कल्पना आवडते, हे तेवढ्यात कळते आणि खर्चही थोडक्यात आटपतो.

स्नेह्यांचा रुसवा पुढे गेला. गेल्या महिन्यात ते आणि वहिनी घरी आले होते. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर ऱ्हाईनवरील बाझल ते ॲम्स्टरडॅम या सात रात्रींच्या सफरीचा तपशील होता, महिना मे, खोली मधल्या मजल्यावरची. आम्ही काही बोलण्याच्या आत वहिनी म्हणाल्या, "या वेळी तुम्हांला विचारायला आलो नाही. करारपत्र वाचून द्याल का, एवढेच विचारायला आलो." ते अठरा पानांचे करारपत्र सध्या आमच्या टेबलावर आहे, अकरा पाने वाचून झाली आहेत. आणखी कोणास आपले कागद दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी दहानंतर घरी यावे. त्या वेळी सौ. गच्चीवर वाचत बसलेल्या असतात. तेव्हा बेल न वाजवता दार हळूच ठोठवावे, ही विनंती.